वसतिगृहातलं नेट: आधी मोजा, मग लेखी मागा

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या फेऱ्या आटोपल्या, की विंचूर, लासलगाव, निफाड भागातली मुलंमुली ट्रंका-गाद्या घेऊन नाशिक, पुणे, मुंबईच्या वाटेला लागतात. सोबत आई किंवा वडील असतात. वसतिगृह बघताना ते बारकाईने विचारतात: मेस कशी आहे, पाणी चोवीस तास का, गेट किती वाजता बंद होतं, अनामत परत कधी मिळते. नेटचं विचारलंच तर काउंटरवरचा माणूस ‘वाय-फाय आहे’ एवढंच म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. दिवाळीच्या आत मग घरी फोन सुरू होतात. ऑनलाइन तासात सरांचा आवाज तुटतो, असाइनमेंट अपलोड होता होता मध्येच अडकते, रात्री दहानंतर नुसतं गोल फिरत राहतं.

पुण्यात घर असलेल्या मुलाचं असं झालं तर तो घरी जाऊन काम उरकतो. आपल्या मुलाला दोनशेहून अधिक किलोमीटर मागे येता येत नाही. परीक्षेचा फॉर्म, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, एनपीटीईएलचे तास, प्रोजेक्टचं काम, कंपनीची ऑनलाइन मुलाखत, सगळं त्याला त्याच खोलीतून करायचं असतं. म्हणून नेट ही चैनीची बाब आहे असं समजून गप्प बसणं मला पटत नाही. त्यावर काय करता येतं, ते मुलांनी आणि पालकांनी दोघांनीही समजून घ्यावं.

‘नेट स्लो आहे’ या तक्रारीत तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असतात. एक, सिग्नल खोलीपर्यंत पोचत नाही. दोन, सिग्नल चांगला आहे, पण एकाच लाइनवर फार जण आहेत. तीन, लाइनही ठीक आहे, पण संस्थेने काही गोष्टी किंवा काही तास मुद्दाम बंद ठेवले आहेत. पहिलीचा उपाय नेटवर्क सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाकडे असतो, दुसरीचा पैसे मंजूर करणाऱ्याकडे आणि तिसरीचा नियम करणाऱ्याकडे. आपली अडचण कोणती हे न कळता नुसतं ‘नेट चालत नाही’ म्हटलं, की रेक्टर तंत्रज्ञाकडे बोट दाखवतात, तंत्रज्ञ कंपनीकडे, आणि सेमिस्टर संपून जातं.

म्हणून आधी मोजा. त्यासाठी एक वही आणि फोनमधलं कुठलंही स्पीड टेस्ट ॲप पुरतं. तीन जागा ठरवा: कॉरिडॉरमध्ये छताला लावलेल्या पांढऱ्या डब्याच्या, म्हणजे ॲक्सेस पॉइंटच्या थेट खाली, आपल्या खोलीत कॉटवर, आणि ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत. वेळाही तीन ठरवा: पहाटे सहाच्या सुमारास, दुपारी आणि रात्री दहाला. आठवडाभर तारीख, वेळ, जागा आणि आकडे लिहीत जा. त्या वेळी फोनचा मोबाइल डेटा बंद ठेवा, नाहीतर कोणाचा वेग मोजला हेच कळणार नाही.

आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ॲप दाखवतं ते मेगाबिट, फाइल डाउनलोड होताना दिसतात ते मेगाबाइट, आणि एका बाइटचे आठ बिट. म्हणजे १६ एमबीपीएसच्या लाइनवर सेकंदाला दोन एमबीच उतरणार, त्यात फसवणूक नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पिंग. हा आकडा मिलिसेकंदांत असतो आणि तो जितका कमी तितकं चांगलं. वेग बरा असूनही मुलाखतीत आवाज तुटत असेल, तर पिंग शंभराच्या पुढे उड्या मारतोय का ते बघा. व्हिडिओ तासाला साधारण दीड-दोन एमबीपीएस स्थिर मिळाले तरी भागतं. स्थिर या शब्दाला इथे महत्त्व आहे.

आठवड्याची वही बोलायला लागते. डब्याखाली ४० आणि खोलीत २ मिळत असतील, तर दोष सिग्नलचा. पहाटे सगळीकडे ५० आणि रात्री दहाला डब्याखालीसुद्धा १ असेल, तर गर्दीचा. आकडे उत्तम, पण ठरावीक साइट किंवा ॲप उघडतच नाही, तर ते बंद केलेलं आहे.

सिग्नलचं आधी बघू, कारण त्यातलं बरंचसं आपल्याच हातात असतं. वाय-फाय दोन पट्ट्यांवर चालतं. २.४ गिगाहर्ट्झचं लांब जातं आणि भिंतीतून बऱ्यापैकी शिरतं, पण त्यात एकमेकांना अडथळा न करणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. वसतिगृहात डझनभर राउटर आणि हॉटस्पॉट त्या तीन चॅनेलांवर एकदम बोलत असतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा मोकळी असते, वेगही जास्त, पण एक जाड भिंत आडवी आली की ते दमतं. नेटवर्कच्या यादीत शेवटी ‘५जी’ लिहिलेलं नाव दिसलं, तर ते हे दुसरं, मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा संबंध नाही. दगडी किंवा जुन्या जाड विटांच्या इमारतीत लोखंडी कपाट आणि दार यांच्या मध्ये टेबल असेल, तर टेबल हलवून बघा. फरक लगेच आकड्यात दिसतो.

सिग्नल पूर्ण असूनही फोन जोडलाच जात नसेल, तर एक गोष्ट हमखास तपासा. बऱ्याच वसतिगृहांत प्रत्येक मुलाच्या एक किंवा दोन उपकरणांचे मॅक ॲड्रेस, म्हणजे ओळख क्रमांक, कार्यालयात नोंदवून घेतात आणि तेवढ्याच उपकरणांना आत सोडतात. अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर आयओएस १४ पासून फोन वाय-फायला आपला खरा मॅक ॲड्रेस सांगत नाही, बनावट सांगतो. आपण ‘अबाउट फोन’मध्ये बघून खरा क्रमांक अर्जावर लिहिलेला असतो. दोन्ही जुळत नाहीत आणि मुलगा महिनाभर समजतो की आपलं रजिस्ट्रेशनच झालं नाही. त्या वाय-फायच्या नावापुढच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘रँडमाइज्ड मॅक’ऐवजी ‘फोन मॅक’ किंवा ‘डिव्हाइस मॅक’ निवडा, आयफोनवर ‘प्रायव्हेट वाय-फाय ॲड्रेस’ बंद करा, आणि नेटवर्क ‘फॉरगेट’ करून पुन्हा जोडा. लॉगिनचं पान उघडत नसेल, तर अँड्रॉइडमधलं ‘प्रायव्हेट डीएनएस’ ऑटोमॅटिकवर आहे ना ते बघा. फोनची तारीख-वेळ चुकलेली असली तरी पानं उघडत नाहीत.

आणखी एक कळकळीची सूचना. खोलीत लॅनचं सॉकेट असलं, की मुलं स्वतःचा राउटर आणून लावतात. संस्थेची परवानगी नसताना हे करू नका. भिंतीतली वायर राउटरच्या वॅन पोर्टऐवजी चुकून लॅन पोर्टमध्ये गेली, की तो राउटर मजल्यावरच्या सगळ्यांना चुकीचे आयपी पत्ते वाटायला लागतो. अख्ख्या मजल्याचं नेट बसतं आणि शोधाशोध करायला तंत्रज्ञाला दोन-दोन दिवस लागतात. आपल्या विंगमध्ये फोन अचानक ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दाखवायला लागले, तर कंपनीला दोष देण्याआधी कोणी नवा राउटर लावलाय का, ते शेजारी विचारा.

आता गर्दी. लासलगाव बाजार समितीच्या विंचूरच्या उपबाजारात कांद्याची आवक वाढली की रस्ता कितीही रुंद असो, ट्रॅक्टर भुईकाट्यावर तुंबतात. वसतिगृहाच्या नेटचंही तेच. विद्यापीठाचा मुख्य रस्ता बहुधा रुंदच असतो. केंद्र सरकारने २०१० मध्ये मंजूर केलेल्या नॅशनल नॉलेज नेटवर्कमुळे अनेक विद्यापीठं आणि राष्ट्रीय संस्था वेगवान फायबरने जोडल्या गेल्या. अडतं ते पुढे. मुख्य इमारतीपासून वसतिगृहापर्यंतची वायर जुनी असते, किंवा तिथला स्विच १०० एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, किंवा एका ॲक्सेस पॉइंटवर साठ-सत्तर फोन लटकलेले असतात. हिशोब करून बघा. ३०० मुलांच्या वसतिगृहाला १०० एमबीपीएस येतात आणि रात्री दहाला त्यातली १०० मुलं व्हिडिओ बघतात असं धरलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला एक एमबीपीएस. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये ब्रॉडबँडची व्याख्या बदलली. आधी ५१२ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत, आता किमान २ एमबीपीएस डाउनलोड लागतो. तुमच्या वहीत रात्रीचा आकडा सतत दोनच्या खाली असेल, तर माहितीपुस्तिकेत ब्रॉडबँड लिहिणाऱ्या संस्थेला हा आकडा दाखवायला हरकत नाही.

म्हणून चौकशी करताना ‘वाय-फाय आहे का’ असं विचारू नका. या वसतिगृहाला एकूण किती एमबीपीएस येतात, मुलं किती, एका मजल्यावर ॲक्सेस पॉइंट किती आणि ते कोणत्या साली बसवले, एका मुलाला किती उपकरणं जोडता येतात, दिवसाला डेटाची मर्यादा आहे का, रात्री नेट बंद होतं का, हे विचारा. प्रवेशाच्या दिवशी पालकांनी रिकाम्या खोलीत उभं राहून, तिथल्याच एखाद्या मुलाकडून फोन जोडून घेऊन एकदा वेग बघावा. जुन्या मुलांना ‘रात्री दहाला कसं असतं’ हे विचारलं की खरं उत्तर मिळतं. जून-जुलैची रिकामी इमारत काहीच सांगत नाही.

मुलांनीही आपापसांत थोडं ठरवून घ्यायला हवं. लॅपटॉपवर वसतिगृहाचं वाय-फाय ‘मीटर्ड कनेक्शन’ म्हणून लावलं, की विंडोजचे मोठे अपडेट भर तासाला उतरत नाहीत. फोटोंचा आपोआप बॅकअप आणि व्हॉट्सॲपचं ऑटो-डाउनलोड बंद ठेवा. एका खोलीत चौघांनी हे केलं तर फरक पडतो, मजल्याने केलं तर चांगलाच पडतो. पण मुलांच्या शिस्तीने संस्थेची जबाबदारी संपत नाही, हेही तितकंच स्पष्ट सांगायला हवं. फीच्या पावतीवर नेटचे पैसे वेगळे घेतले असतील तर लाइन पुरेशी ठेवणं हे त्यांचं काम आहे.

सगळ्यात जास्त धुसफूस होते ती तिसऱ्या प्रकारावरून, आणि इथे पालकांची भूमिका निर्णायक ठरते. मी अनेक घरांत ऐकलंय, ‘रात्री नेट बंद असतं ते बरंच आहे, अभ्यास तरी करतील.’ या विचाराला मोठमोठ्या संस्थाही बळी पडल्या आहेत. २००७ साली मुंबईच्या आयआयटीने वसतिगृहांतलं नेट रात्री ११ पासून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत बंद ठेवायला सुरुवात केली होती. मुलं रात्रभर गेम खेळतात, सकाळच्या तासांना येत नाहीत, एकमेकांत मिसळत नाहीत, ही कारणं होती. काळजी खोटी नव्हती. पण तेव्हा पुस्तकं कागदावर होती, फॉर्म खिडकीवर होते आणि मुलांच्या हातात स्मार्टफोन नव्हते. आज वाय-फाय बंद केलं की ज्याच्या फोनमध्ये महागडा डेटा पॅक आहे तो तेच बघत राहतो, आणि ज्याला घरून मोजके पैसे येतात त्याचा अभ्यास थांबतो. म्हणजे शिस्त लागते ती फक्त गरिबाच्या मुलाला.

मुलींच्या बाबतीत हे अधिक अन्यायाचं होतं. मुलींच्या वसतिगृहाचं गेट लवकर बंद होतं. मुलगा रात्री नऊला उठून बाहेरच्या अभ्यासिकेत किंवा मित्राच्या खोलीवर जाऊन काम करतो, मुलगी आतच असते आणि तिला आतल्या नेटशिवाय दुसरा पर्याय नसतो. केरळात हा प्रश्न न्यायालयात गेला. कोझिकोड जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी ६ ते रात्री १० मोबाइल वापरायला बंदी होती. फहीमा शिरीन या विद्यार्थिनीने ती मानायला नकार दिला, तेव्हा तिला वसतिगृहातून काढण्यात आलं. १९ सप्टेंबर २०१९ रोजी केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा आणि घटनेच्या २१ व्या कलमाखालील खाजगीपणाच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. महाराष्ट्रातल्या संस्थांना हा निकाल थेट बंधनकारक नाही, पण अर्जासोबत दाखला म्हणून जोडता येतो. विंचूरच्या ज्या आईवडिलांनी मुलीला एवढ्या लांब शिकायला पाठवण्याचं धाडस केलं, त्यांनी तिच्या हातातलं नेट काढून घेणाऱ्या नियमाला ‘बरंच झालं’ म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं.

संस्थेने काहीच बंद करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. व्हायरस पसरवणाऱ्या, जुगाराच्या साइट अडवणं योग्यच आहे. अडचण अशी, की साइट कोणी माणूस बसून चाळत नाही, फायरवॉल नावाची यंत्रणा चाळते. ती साइटचे ठोकळ गट पाडते आणि आख्खा गट बंद करते. त्यात प्रोग्रॅमिंगच्या चर्चेचं पान, वैद्यकीय विषयाचं पान, यूट्यूबवरचं व्याख्यानही अडकतं. कॉम्प्युटरच्या मुलांना गिटहबवर कोड चढवता येत नाही, कारण एसएसएचचा २२ क्रमांकाचा पोर्ट बंद असतो. अशा वेळी गिटसाठी एचटीटीपीएसचा पत्ता वापरला की काम होतं, त्यासाठी कोणाची परवानगीही लागत नाही. बाकी साइटसाठी नेमका पत्ता, वेळ, स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा फोटो आणि कोणत्या विषयासाठी ती लागते, एवढं लिहून द्या. शक्य असेल तर विषयाच्या प्राध्यापकांची सही घ्या. प्राध्यापकांच्या सहीचा अर्ज सहसा पडून राहत नाही.

बंदी चुकवायला फुकटच्या व्हीपीएन ॲपचा मार्ग धरू नका. ते चालवणारा कोण हे कळत नाही, आणि त्याच फोनमध्ये तुमचं बँकेचं ॲप असतं. शिवाय नियम मोडल्याची नोंद झाली तर तुमच्या खऱ्या तक्रारीतलं बळ जातं. संस्थेने स्वतः दिलेलं बाहेरून लॉगिन करण्याचं खातं ही वेगळी गोष्ट, ते जरूर घ्या. १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सरकारी उच्च शिक्षण संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिकं खुली झाली आहेत, आणि तिचं काम गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र बघतं. तुमची संस्था त्यात आहे का आणि सुट्टीत विंचूरला असताना ती कशी वाचायची, हे ग्रंथपालांना विचारा.

अर्ज लिहायचा तो असा:

‘मा. वसतिगृह प्रमुख यांस, स.न.वि.वि. आम्ही खाली सही करणारे विद्यार्थी दुसऱ्या मजल्यावरील ‘ब’ विंगमध्ये राहतो. सोबत जोडलेल्या आठवड्याच्या नोंदींनुसार रात्री ९ ते १२ या वेळेत इंटरनेटचा वेग २ एमबीपीएसच्याही खाली राहतो, पहाटे मात्र तो पुरेसा असतो. यामुळे ऑनलाइन तास आणि असाइनमेंट वेळेत पूर्ण करता येत नाहीत. माहितीपुस्तिकेत ही सुविधा नमूद असून तिचे शुल्क आम्ही भरले आहे. कृपया या विंगची लाइन व स्विच तपासून क्षमता वाढवावी आणि काय कार्यवाही झाली ते १५ दिवसांत लेखी कळवावे, ही विनंती.’

खाली सगळ्यांच्या सह्या आणि खोली क्रमांक घ्या. दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. एकट्याने तोंडी सांगितलेलं विसरलं जातं, चाळीस सह्यांचं पोच घेतलेलं पत्र फाइलला लागतं. भाषा सभ्य ठेवा. रेक्टरही अनेकदा वरून पैसे मंजूर होण्याची वाट बघत असतात, आणि तुमचा अर्ज त्यांना वर न्यायला उपयोगी पडतो.

उत्तर आलंच नाही, तर पुढची पायरी ठरलेली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते. कबूल केलेल्या किंवा देणं आवश्यक असलेल्या सुविधा न देणं हीदेखील त्या नियमांत तक्रार मानली आहे. म्हणून ज्या माहितीपुस्तिकेवर ‘चोवीस तास वाय-फाय’ छापलंय ती आणि फीची पावती जपून ठेवा. समितीने शक्यतो १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. संस्था सरकारी किंवा अनुदानित असेल तर १० रुपये शुल्काचा माहिती अधिकाराचा अर्जही करता येतो: वसतिगृहाला किती क्षमतेची लाइन घेतली आहे, तिचं वर्षाचं बिल किती, नेटच्या नावाखाली मुलांकडून किती रक्कम जमा झाली. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आकडे समोर आले की बोलणी सोपी होतात.

खाजगी पीजीत किंवा फ्लॅट करून राहणाऱ्यांचं गणित वेगळं. चौघांनी मिळून स्वतःचं फायबर कनेक्शन घेतलं तर माणशी महिन्याला दोन-अडीचशे रुपयांत काम होतं, आणि घरमालकाच्या ‘फ्री वाय-फाय’पेक्षा ते कितीतरी भरवशाचं. फक्त कनेक्शन ज्याच्या आधारवर असेल, त्या लाइनवरून काही गैरप्रकार झाल्यास पहिली विचारणा त्यालाच होते. तेव्हा पासवर्ड शेजारच्या खोलीला वाटू नका, आणि खोली सोडताना कनेक्शन लेखी बंद करून राउटर परत केल्याची पावती घ्या.

हे सगळं मार्गी लागायला एखादं सेमिस्टर जातं. तोवर एनपीटीईएलची व्याख्यानं पहाटे किंवा ग्रंथालयात उतरवून घ्या, रात्री ती नेटशिवाय बघा. गूगल डॉक्समध्ये ‘ऑफलाइन’ची सोय चालू ठेवा. फोनचा रोजचा दीड-दोन जीबीचा डेटा दिवसभर रील्समध्ये संपवू नका, रात्रीच्या तासाला हॉटस्पॉट म्हणून तोच कामी येतो. खोलीत मोबाइलची रेंज कमी असेल तर फोनमधलं ‘वाय-फाय कॉलिंग’ चालू करा, घरचा फोन लागायला लागेल. आणि शिष्यवृत्तीचा, परीक्षेचा, प्रवेश फेरीचा कुठलाही फॉर्म शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. त्या रात्री वसतिगृहाचं नेट, पोर्टलचा सर्व्हर आणि ओटीपीचा मेसेज तिन्ही एकदम अडतात. मुदतीच्या चार दिवस आधी, सकाळी सात-आठच्या सुमारास भरायला बसा, अर्ज सबमिट झाला की पावतीची पीडीएफ लगेच घरच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. तरीही अडलंच, तर घरच्यांनी कागदपत्रं घेऊन गावातलं महा ई-सेवा केंद्र गाठावं. ओटीपी मुलाच्या फोनवर येतो, म्हणून जाण्याआधी त्याला फोन करून तो तास मोकळा ठेवायला सांगावं.